बदरोद्दीन मिस्त्रींचा कान

मंठ्यात बदरोद्दीन मिस्त्रींनी "चूप!" म्हटलं की समोरचा चहावालासुद्धा रेडिओ बंद करायचा. ही दहशत नव्हती, गॅरेजची रीत होती. पेट्रोलची गाडी चालू होत नसली की मिस्त्री मागची सीट उचलत, टाकीवर कान नेत आणि चावी अर्धीच फिरवायला सांगत. टाकीतला पेट्रोल ओढणारा पंप धड असला तर दोन सेकंद बारीक घूं ऐकू येतं. आलं तर पंप चांगला, दोष दुसरीकडे. नाही आलं आणि फ्यूज ठीक असला, तर पंप गेला. बाकीचे मेकॅनिक मीटर लावून जे तासभर शोधत, ते मिस्त्री कानानं सांगत, आणि त्यांनी सांगितलं की विषय संपला.

काढलेला पार्ट ते गिऱ्हाइकाच्या हातात देत. "बघून घ्या, बदरोद्दीननं चांगली वस्तू कधी काढली न्हाई." लोक तो तिथंच टाकून जात. मग त्यावर गावाचं नाव लिहून ते खिळ्याला टांगत.

मी सत्यशीला, इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं तोंड जरा जास्त चालतं, हे आमच्या मुख्याध्यापकांनाही मान्य आहे. मिस्त्रींशी मात्र मी वीस वर्षांत वाद घातला नव्हता. कशाला घालू? माझी जुनी गाडी त्यांच्याच जिवावर चालली होती. शिवाय माणूस अदबीचा. हल्ली तर मी बोलायला लागले की हातातला पाना ठेवून माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. इतकं लक्ष देऊन वर्गात मला कोणी ऐकत नाही.

गेल्या पौषात एका सकाळी गाडी बंद पडली. स्टार्टर फिरत होता, इंजिन काही पकडत नव्हतं. गाडी ढकलत गॅरेजपर्यंत आणली. सीट उचलली गेली. "चूप!" चहावाल्यानं रेडिओ बंद केला. मी चावी फिरवली.

घूं. थांबलं.

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "पुन्हा फिरवा."

घूं.

"पंप गेला मॅडम. बिलकुल गेला."

"अहो, आला की आवाज!"

"न्हाई आला."

"मिस्त्री, मी समोर बसून ऐकला. बहिरी आहे का मी?"

हे शेवटचं वाक्य मी रागात बोलले. तोंडातून गेलं आणि त्यांच्याकडे बघितलं, तर ते हसत नव्हते. त्यांनी चहावाल्याकडे बघितलं. तो बिचारा किटलीकडे बघत राहिला. मागच्या दारात त्यांच्या पत्नी, कमरुन्निसा चाची, उभ्या होत्या.

"दो बरस से बोल री मैं," चाची हळूच म्हणाल्या, "ये सुनतेच नई."

हे वाक्य मी चाचींच्या तोंडून पन्नासदा ऐकलं असेल. दरवेळी आम्ही सगळे हसायचो. नवरे बायकोचं ऐकत नाहीत, त्यात नवल काय! आज कोणी हसलं नाही. चाची गाऱ्हाणं सांगत नव्हत्या. त्या आजार सांगत होत्या, आणि आम्ही त्यावर चहा पीत हसत होतो. मिस्त्रींचं माझ्या तोंडाकडे टक लावून बघणंही आता कळलं. ती अदब नव्हती, ते ओठ वाचत होते.

मिस्त्री उठले. खिळ्यावर चार पंप होते, सगळे या वर्षातले. ते घेऊन अंगणात आले, मोकळ्या हवेत बॅटरी मांडली आणि पहिल्याला वायर लावली. पंप त्यांच्या तळहातावर थरथरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वाजून राह्यला?"

मी मान हलवली. दुसरा वाजला. तिसरा नुसता पडून राहिला, आणि एक पंप मेलेला निघाला म्हणून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. चौथ्यावर 'आष्टी' लिहिलं होतं. तो सगळ्यांत खणखणीत वाजला.

"पण गाड्या तर चालू झाल्या होत्या," मी म्हणाले. आता मीच त्यांची वकील झाले होते.

"नवा पंप टाकून बी झाल्त्या न्हाई. मंग स्पार्कमधी दोष निघायचा. मी म्हणायचो, एका गाडीत दोन दोन रोग." ते खाली बसले. "रोग एकच होता मॅडम. दुसरा माझा होता."

मी तो आष्टीचा पंप हातात घेतला.

"आष्टीच्या कल्याणला फोन लावा," ते म्हणाले. "मला फोनवर समजत न्हाई. तुम्ही सांगा, त्याचा चांगला पंप मी काढला म्हणून. तो काय म्हणतो ते मला सांगा. बराबर सांगा, गोड करून न्हाई."

कल्याणला मी ओळखत नव्हते. त्याला सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या येतील. शिव्या आल्या नाहीत.

"मॅडम, मला तवाच आवाज आल्ता," तो म्हणाला. "चांगला दोनदा आल्ता. पण मिस्त्री न्हाई म्हणले. मंग मला वाटलं, माझ्याच कानात काही तरी हाय."

फोन ठेवला. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण त्या नजरेसमोर ओठ खोटं हलवणं मला जमलं नाही. कल्याणचा शब्द न् शब्द सांगितला.

"त्याला आल्ता?" मिस्त्री म्हणाले. "मंग बोलला का न्हाई?"

चहावाला आत निघून गेला. चाचींनी पदर तोंडाला लावला.

मिस्त्री उठले, माझ्या गाडीत शिरले आणि टाकीवर कानाऐवजी तळहात टेकवला. सवयीनं "चूप!" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला चावी फिरवायची खूण केली. मी फिरवली.

"हाताला तर लागलं," ते म्हणाले. मग वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं, "आवाज आला का?"

"आला," मी म्हणाले, त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून.