एकतीस वर्षं न ओढलेला चाप

आमच्या डेल्मरला कुणी विचारलं की बाबा रे, तुझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट कोणती, तर तो आधी कपाटाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग भीतीपोटी माझं नाव घेतो. बेचाळीस वर्षांचा संसार आहे, मला काय कळत नाही? त्या कपाटात पूर्वी माझे थंडीतले कोट असायचे. आता तिथे त्रेचाळीस रिव्हॉल्व्हरं आहेत आणि माझे कोट तळघरात कपडे धुण्याच्या मशीनवर लोंबकळतात.

डेल्मर हॅफ्नर शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. दक्षिण इंडियानातल्या आमच्या भागात एक बाई नसेल जिच्या मशीनखाली त्याने डोकं घातलं नाही. मशीन उघडायच्या आधी तो एका बोटाने चाक हळूच फिरवायचा आणि सांगायचा, डाव्या दात्यात धागा अडकलाय. उघडून बघावं तर अडकलेला असायचाच. तेविसाव्या वर्षी त्याच्या मामाने, जो शेरीफच्या हाताखाली नोकरीला होता, आपलं जुनं रिव्हॉल्व्हर त्याला दिलं. चाप ओढला की त्याच ओढीत घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, मागे जातो, सहा घरांची चक्री एक घर पुढे सरकते आणि घोडा पडतो. एका बोटात तीन कामं. मशीनवाल्याला आणखी काय हवं? तेव्हापासून हा गडी गेला तो गेलाच. गोळी झाडण्याचं मात्र त्याला वेड नाही. उभ्या जन्मात त्याने सोयाबीनच्या शेतात ठेवलेले रिकामे डबे सोडले तर काही पाडलेलं नाही, आणि डबेही बरेचसे उभेच राहिले.

या लोकांच्या रीतीभाती एखाद्या सोवळ्या बाईलाही लाजवतील. दुसऱ्याच्या रिव्हॉल्व्हरला न विचारता हात लावायचा नाही. देणाऱ्याने चक्री बाहेर काढून, सगळी घरं रिकामी दाखवून द्यायचं. घेणाऱ्याने पुन्हा बघायचं. चाप ओढायचा तर आधी विचारायचं आणि खोटी काडतुसं भरायची, म्हणजे घोड्याला मार लागत नाही. आणि चक्री बंद करायची ती दोन्ही हातांनी, हळूच. एकदा थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आमच्या जावयाने सिनेमातल्यासारखा मनगटाला झटका देऊन चक्री बंद केली.  डेल्मरच्या हातातला टर्कीवरचा रस्सा त्या दिवशी जावयापर्यंत पोचलाच नाही.

दर मार्चमध्ये जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या हॉलमध्ये मेळा भरतो, तिथे डेल्मरचा खेळ ठरलेला. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, कुणीही आपलं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात द्यायचं, हा एकदाच चाप ओढणार आणि सांगणार: स्मिथ कंपनीचं, महायुद्धाआधीचं, आणि मधे कुणीतरी शहाण्याने आतली स्प्रिंग कापलीये. लोक टाळ्या वाजवायचे. मी शेजारच्या टेबलावर पर्सिमनच्या फळांचं पुडिंग विकायचे आणि म्हणायचे, घरी याला साखरेचा डबा सापडत नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या त्रेचाळीसशिवाय आणखी एक रिव्हॉल्व्हर आहे, ते कपाटात नसतं, आमच्या पलंगाखालच्या तिजोरीत असतं. कोल्ट कंपनीचं, सत्तावन्न सालचं, सहा इंची नळीचं. एका हार्डवेअरच्या दुकानदाराने ते मागवलं आणि खोक्यातून बाहेरच काढलं नाही. त्याच्या विधवेकडून डेल्मरने घेतलं, खोकं, मेणकागद, माहितीपत्रक सगळ्यासकट. चक्री फिरली की तिच्यावर एक बारीक रेघ उमटते, निळ्या झिलईवर ओरखडा यावा तशी. याच्यावर ती रेघ नाही. कारखान्यात तपासताना चक्री काय फिरली असेल तेवढीच. संग्राहकांमध्ये अशा वस्तूला देवपण असतं. त्यामुळे एकतीस वर्षं डेल्मरने तिची पूजा केली, तेल लावलं, पण चाप एकदाही ओढला नाही.

मला हे माहीत नव्हतं. मी एकदा सहज विचारलं, "मग त्याचा चाप कसा आहे?"

"लोक म्हणतात, त्या सालचा चाप म्हणजे सगळ्यात मऊ."

"लोक म्हणतात? तुझ्या पलंगाखाली आहे आणि लोक म्हणतात?"

"डोरीन, एकदा ओढला की झालं. रेघ पडली की पुसता येत नाही."

"अरे, मग घेतलंस कशाला? माझे कोट घातले असते तिजोरीत."

तो हसला. पण तिजोरी बंद करताना त्याने उजवं बोट पँटला पुसलं. लहान मुलाने बरणीत हात घालावा आणि नुसताच बाहेर काढावा, तसं. तेव्हा मला कळलं की हा माणूस रोज रात्री त्या चापावर झोपतो आणि रोज त्याला तो ओढावासा वाटतो.

गेल्या डिसेंबरमध्ये रिव्हॉल्व्हरवाल्यांच्या क्लबच्या बैठकीत टॉवेलचा खेळ चालला होता. हॉलिस ब्रॅमेलने आपलं रिव्हॉल्व्हर दिलं. हॉलिस म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, क्लबचा सेक्रेटरी, मेळ्यातला परीक्षक आणि आमच्याकडचा शनिवारचा कायमचा पाहुणा. डेल्मरने चाप ओढला, थांबला, पुन्हा ओढला. दोनदा ओढलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "कोल्ट," तो म्हणाला. ते स्मिथ होतं. हे दोन ओळखता न येणं म्हणजे गायीच्या गोठ्यात जाऊन घोडी कुठेय विचारण्यासारखं. हॉलिस चटकन म्हणाला, "बरोबर, बरोबर," आणि रिव्हॉल्व्हर खिशात घातलं. हॉलिसला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात.

घरी येताना गाडीत डेल्मर म्हणाला, "स्मिथ होतं ना ते?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"तू पण आता सुरू झालीस?"

मग एकेक बाहेर आलं. कॉफीच्या भांड्याला बोट टेकलं तरी कळत नव्हतं, भाजल्याचा वास आल्यावर कळायचं. सुईत दोरा ओवता येत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या, मनगटात नस दबलीये, बरीच वर्षं. ऑपरेशनने दुखणं थांबेल. बोटातली जाण परत येईल का, सांगता येत नाही. ऑपरेशन ठरलं मार्चच्या सहा तारखेला. मेळा होता चौदाला.

आणि इतकी वर्षं ते घराबाहेर न्यायलाही घाबरणाऱ्या डेल्मरने या वर्षी मेळ्यात पहिल्यांदा ते कोल्ट मांडायचं ठरवलं होतं, न वापरलेल्या वस्तूंच्या 'अस्पर्श' गटात. पहिलं आलं तर लाकडी ढाल मिळते आणि क्लबच्या भिंतीवर नाव लागतं. सोळा वर्षं तो त्या भिंतीवर दुसऱ्यांची नावं वाचत होता. आता त्याची वेळ आली होती आणि नेमकी बोटातली जाण चालली होती. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. मी त्याला ते बोलूनही दाखवलं, आणि मग दिवसभर मलाच वाईट वाटत राहिलं.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी हॉलिस घरी आला. मेळ्याआधी परीक्षकाने घरी येऊन वस्तू बघायची रीत आहे. पांढरे सुती हातमोजे घातले, डोळ्याला भिंग लावलं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला होता, कारण माझ्या टेबलक्लॉथवर जॅमचा डाग होता आणि त्या डागाबद्दल हॉलिस मला वर्षभर बोलला असता. वीस मिनिटं तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

"रेघ नाही," तो शेवटी म्हणाला. "डेल्मर, मी इतक्या वर्षांत असं बघितलं नाही. ढाल तुझी. तसं मी आधी सांगायला नको, पण तुझीच."

डेल्मर चक्रीकडे बघत बसला. "ते खाली ठेव, हॉलिस. खोटी काडतुसं कुठेत? डोरीन, तो ड्रॉवर उघड."

हॉलिसचा चेहरा पांढराफटक पडला, हातमोज्यांहूनही. "काय करतोयस?"

"ओढतोय."

"वेडा आहेस का? दहा-अकरा दिवस थांब. ढाल घे, मग हवं तेवढं ओढ."

"मंगळवारी ते मनगट कापणार."

"मग बरं झाल्यावर ओढ."

"एकतीस वर्षं मी हेच म्हणत आलोय," डेल्मर म्हणाला. "डोरीन, याला सांग."

हॉलिस माझ्याकडे वळला. "डोरीनबाई, तुम्ही तरी अडवा. तुम्हाला तर ही खेळणी आवडत नाहीत."

"नाहीच आवडत," मी म्हणाले. "पण नवरा आवडतो. सरक बाजूला." आणि मी काडतुसं काढून दिली.

डेल्मरने सहाही घरं भरली. दोन्ही हातांनी चक्री बंद केली. नळी मागच्या अंगणाच्या मातीच्या बांधाकडे धरली, नेहमीसारखी, आणि डोळे मिटले. मग चाप ओढला. चक्री सरकली, घोडा मागे गेला आणि पडला. खट्. हॉलिसने टोपी काढून छातीशी धरली.

डेल्मरने डोळे उघडले नाहीत. पुन्हा ओढला. पुन्हा. मग रिव्हॉल्व्हर पंचावर ठेवलं आणि बोटाकडे बघितलं, जसं काही ते दुसऱ्याचं होतं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "ओढलं एवढं कळलं. बाकी काहीच नाही."

मला इतका राग आला, सांगते. त्या दुकानदारावर, रेघेवर, लाकडी ढालीवर, आणि त्याच्यावर तर सगळ्यात जास्त. हातातली किटली मी सिंकमध्ये आदळली. मग रडू आलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"डोरीन," तो म्हणाला, "तू ओढ."

"मी?"

"तुझी बोटं चांगली आहेत. ओढ आणि मला सांग."

मी त्या कपाटातल्या एकाही वस्तूला बेचाळीस वर्षांत बोट लावलं नव्हतं. हात पुसले. त्याने मला कसं धरायचं ते दाखवलं, माझ्या बोटावर बोट ठेवून, आणि मग आपला हात काढून घेतला. मी ओढला.

खरं सांगायचं तर मी तयारीत होते की काहीतरी गोड बोलून मोकळं व्हायचं. पण ते जमलं नाही, कारण मला खरंच काहीतरी कळलं. कुठे अडलं नाही, कुठे खरखरलं नाही.

"बोल ना," डेल्मर म्हणाला.

"थांब रे, शब्द तर सापडू दे." मी पुन्हा ओढला. "उकळत्या पाण्यातून काढलेल्या पीचची साल अंगठ्याने सरकवतो ना, तसं. एकसारखं. जोर लावावाच लागत नाही."

"आणि शेवटी? घोडा पडायच्या आधी जड होतो का?"

मी तिसऱ्यांदा ओढला, हळू. "होतो. किंचित. खरंच ओढायचाय ना, असं विचारल्यासारखा थांबतो. मग सोडतो."

डेल्मरने टेबलावर थाप मारली. "तोच तो. लोक म्हणतात तोच." आणि त्याचे डोळे भरले. "पुन्हा सांग. शेवटचं पुन्हा सांग."

मी सात वेळा ओढलं आणि सात वेळा सांगितलं. हॉलिसने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, रेघ पडली. केसाएवढी, पण पडली. मग बराच वेळ खुर्चीत चुळबुळ करत बसला. शेवटी कान लाल करून म्हणाला, "आता पडलीच आहे तर... मी एकदा ओढू का?"

"हातमोजे काढ आधी," डेल्मर म्हणाला.

ऑपरेशन झालं. दुखणं गेलं. बोट जसं होतं तसंच राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर वाट बघा, आणि डेल्मर म्हणाला, वाट बघण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

चौदाला ढाल इव्हान्सव्हिलच्या एका दातांच्या डॉक्टरला मिळाली. डेल्मरने आपलं कोल्ट काचेखाली ठेवलं नाही. उघड्या टेबलावर ठेवलं, शेजारी खोटी काडतुसं, आणि हाताला पट्टी बांधून मागे बसला. हॉलभर बातमी पसरली की त्या कोल्टचा चाप ओढू देतायत. रांग लागली. प्रत्येक जण रीतीने विचारायचा, बघायचा, ओढायचा, आणि डेल्मर डोळे मिटून म्हणायचा, "हं, आता सांग, कसा वाटला?" जो माणूस जन्मभर सगळ्यांना सांगत आला, तो दिवसभर ऐकत बसला होता. कुणी म्हणालं लोण्यासारखा, कुणी म्हणालं नुकतंच तेल दिलेल्या दाराच्या कडीसारखा. प्रत्येकाचं ऐकून तो मान हलवायचा.

दुपारी एक तरुण बाई आली, नवीच होती क्लबमध्ये. तिने ओढलं आणि म्हणाली, "छान आहे."

"छान म्हणजे काय?" डेल्मर वैतागला. "छान तर पुडिंगही असतं. नीट सांग."

ती बिचारी गोंधळली. डेल्मर माझ्या टेबलाकडे वळला.

"डोरीन, इकडे ये. हिला सांग."

पुडिंगसाठी चार जण उभे होते. मी त्यांना म्हटलं थांबा जरा, खुर्ची त्याच्याजवळ ओढली, आणि सांगायला लागले.