हाताने खणलेले अळू

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळींत माझ्या शेताविषयी एक हकिकत सांगितली जाते आणि गणेशोत्सवाच्या पंगतीत ती दरवर्षी थोडी वाढते. डमडमच्या या म्हाताऱ्याने माशाच्या खतावरची भाजी शाकाहारी घरांना वर्षानुवर्षे गुपचूप खाऊ घातली आणि उघडकीस आल्यावर लाजेने शेत बंद केले, अशी ती हकिकत. यातले ‘म्हाताऱ्याने’ एवढेच निर्विवाद खरे आहे.

गुपचूप काही नव्हते. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरामागच्या रिकाम्या जागेत मी वाफे घातले, तेव्हापासून कुंपणापाशी एक पिंप उभे होते. मासळीबाजारात टाकून दिलेले खवले आणि आतडी मी त्यात गुळाच्या पाण्यात मुरवत असे. त्याचा वास लपवणे माझ्या हातात असते, तर शेजाऱ्यांनी माझे उपकार मानले असते. भाजी न्यायला येणारा प्रत्येकजण त्या पिंपावरूनच जाई, बहुधा नाकाला रुमाल लावून. विचारले कोणीच नाही, कारण मेथी ताजी होती आणि अंबाडी, घोसाळी, मेथी एकाच ठिकाणी मिळण्याची या शहरात दुसरी सोय नव्हती.

आमच्या बायकांना माझी खरी गरज पडे ती ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, आणि बाजारातल्या भाजीमागे कोणाचे कष्ट आहेत हे कोण सांगणार? माझे वाफे मी कुदळीने खणत असे. पावसाळ्यात इथली चिकणमाती कुदळीला अशी धरते की प्रत्येक घावानंतर ती खरवडून काढावी लागते. बंगळुरूला असणारा मुलगा फोनवर सांगे, “बाबा, एक छोटा टिलर घ्या, यंत्रच माती खणेल. तो काय बैल आहे?”

“तुझी आई असती तर काय म्हणाली असती?”

“कंबर सांभाळा म्हणाली असती.”

मी टिलर घेतला नाही. हाताने खणलेले देतो, असा शब्द मी दिला होता.

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मखर बांधायला आम्ही जमलो होतो. बँकेतल्या माझ्या दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीने, ज्यांना मी प्रथमपासून वहिनी म्हणतो, सर्वांसमक्ष विचारले, “भाऊजी, त्या पिंपात मासे असतात म्हणे?”

“पहिल्या दिवसापासून असतात.”

“मग आम्हाला सांगितलं नाहीत.”

“रुमाल कशासाठी लावत होता, वहिनी?”

कोणीतरी हसले. ते हसणे मला महागात पडले.

“एखादा वाफा तरी नुसत्या पेंडीवर ठेवायचा होतात,” त्या म्हणाल्या. “व्रतापुरता.”

“मातीला सोवळं मी शिकवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे अळू कापून जुड्या बांधल्या. संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही, आणि कापलेले अळू थांबत नाही. पलीकडच्या घरातल्या बंगाली बाईंना, आमच्या बौदींना, ते सगळे दिले. घरच्यांसाठी त्यांनी ते इलिश माशाच्या डोक्याबरोबर शिजवले. मला मात्र नारळ घालून वेगळ्या पातेल्यात पाठवले. तसे करा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. माझी ऋषिपंचमी त्यावर झाली.

शेत मी त्यानंतर बंद केले, हे मी कधी नाकारले नाही. पुढच्या उन्हाळ्यात कुदळ उचलली, थोडेसे खणले आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. ज्यांच्यासाठी कंबर मोडून घेतली, त्यांना मासे तेवढे दिसले, हात दिसले नाहीत. थकायला एवढे कारण पुरते. यात लाज कोठे आली, हे पंगतीतल्या विद्वानांनी मला दाखवून द्यावे.

यंदा त्या न खणलेल्या वाफ्यात जुन्या कंदांपासून अळू आपोआप आले. चतुर्थीला दुपारी वहिनी मेट्रोने एकट्याच आल्या, हातात कापडी पिशवी.

“हे कोणी लावलं?”

“कोणी नाही. खणलं नाही, खत नाही. पिंप रिकामं आहे, बघून घ्या.”

“येतानाच बघितलं.” त्यांनी पदर खोचला. “विळा कुठंय?”

मी पायरीवरून बोट दाखवले. त्यांनी खाली वाकून, मधूनमधून कमरेवर हात ठेवत, अळू कापले. त्यांचे वय माझ्याहून फारसे कमी नाही.

“मेथी कधी लावणार?”

“आता खणवत नाही.”

“मग एक टिलर घ्या की, भाऊजी. तो काय बैल आहे?”

मुलाने हे त्यांना पढवले असावे, असा मला अजूनही संशय आहे.

“टिलर आणला तर पिंपही भरेन,” मी म्हणालो.

“भरा. मी रुमाल आणीन.”

पिशवी भरली होती. उठून ती फाटकापर्यंत पोहोचवावी, असे मनात आले. पण उठवले नाही. त्यांनीच ती उचलली आणि पिंपावरून गेल्या.