पुण्यातले भाव आणि सेनगावचे भाव

आजूबाजूच्या गावांतले तिघे एका खोलीत राहिले की भांड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. शंभर गोष्टी विसरलो, पण सन दोन हजारच्या आसपासची ती पुण्यातली खोली विसरत नाही. मी सेनगावचा, भीमराव जवळा बाजारचा, विलास पुसेगावचा. तिघे एकाच कंपनीत. विलासची आई गावी एकटी. तिला इथं आणून ठेवायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

*

भीमरावनं पहिल्या दिवशी टमाटे घेतले आणि पिशवी तशीच उघडी धरून उभा राहिला.

"आणखी काय?" भाजीवाली म्हणाली.

"वरची कोथिंबीर."

"दोन रुपये जुडी."

गड्यानं टमाटेही परत केले! "आमच्या बाजारात कोथिंबिरीचे पैसे मागायची कुणाची हिंमत न्हाई," म्हणाला. त्या दिवशी आम्ही चटणीशी जेवलो.

*

डेअरीत ताकाची पिशवी बघून विलास चाटच पडला. "आमच्याकडं ताक इकलं तर गावात तोंड दाखवता येत न्हाई!"

तरी एक पिशवी आणली. पाणचट होतं. तिघांनी ती संपवली, आणि दुसऱ्या दिवशी तो दोन घेऊन आला.

*

मी सुट्टीत सेनगावला गेलो. पुण्यात तीन रुपयांचा चहा तिथं अजून रुपयाला. पैसे पुढं केले तर हॉटेलवाले मामा म्हणाले, "राहू दे, तू आता पाव्हणा."

ज्या बाकावर लहानाचा मोठा झालो, तिथं मी पाहुणा!

*

शेवटी विलासची आई आली. भाजीचे भाव ऐकले आणि अर्ध्या पोळीवर उठायला लागली. "लेकराची कमाई मीच खाऊन राहिले."

विलासनं भाजीवालीला गाठलं. आई आली की गावाकडचा भाव सांगायचा, वरचे पैसे मी देत जाईन. दूधवाल्यालाही तेच पढवलं. खोलीचं भाडं त्यानं स्वतःच निम्मं करून सांगितलं.

आई पोटभर जेवू लागली. रोज स्वतः बाजारात जाऊ लागली. आठवड्यानं मेथी निवडता निवडता म्हणाली, "हे तर पुसेगावपेक्षा सस्तं हाय बाबा."

विलासचा चेहरा फुलला. "मंग ऱ्हा की आता हितंच."

आईनं हातातली काडी खाली ठेवली.

"हितं एवढं सस्तं हाय, तर दोन दिवाळ्या गाडीभाड्याला पैसे उरले न्हाईत असं सांगून आला न्हाईस, ते काहून?"

भीमरावनं आणि मी एकेक जुडी ओढली आणि खाली मान घालून मेथी निवडू लागलो.