टाळूवरची शिवण

मुलगी जन्मली तेव्हा तिची टाळू दुभंगलेली होती. पाजलेलं दूध नाकातून यायचं. ऑपरेशन वेळेवर झालं, पुढे बोलणंही स्वच्छ झालं. आता तर वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्यापुढे दुसऱ्या कुणाला बोलायला मिळत नाही. गप्प राहिले ती मी. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, "बाई, तुम्ही काहीही केलेलं नाही. पुढच्यांना पाठवा." त्यांना काय ठाऊक! पोटात ती असताना ग्रहण लागलं होतं. "काही कापू नकोस, शिवू नकोस," असं सासूबाईंनी बजावलं होतं. आणि असलं काही मानत नाही, असं ऐटीत सांगणारी मी, दार लावून झबलं शिवत बसले होते. टाके माझे, भोग तिचा. हे कुणाला सांगणार? तिच्या बाबांनाही नाही सांगितलं.

या हिवाळ्यात ती आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाला होती. रविवारी मंडईतली संत्री सोलत आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या होतो. तिची तोंडी परीक्षेची तयारी चालली होती. म्हणजे ती बोलत होती आणि मी सालं गोळा करत होते.

"आई, जीभ टाळूला लाव. मधोमध बारीक उंचवटा लागतो?"

लागला.

"ती रॅफी. आमच्या ग्रंथात सेवनी म्हणतात. गर्भात दोन बाजू येऊन जुळतात, त्याची शिवण." मग संत्र्याची बी चाटून पुसून माझ्यापुढे धरली. "बीच्या अंगावर ही रेघ बघ. हीसुद्धा रॅफीच. पण ही जोड नाही हं, इथून बीला अन्न जातं. सर मुद्दाम यातच पकडतात."

ती 'शिवण' म्हणाली आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ग्रहण, झबलं, लावलेलं दार. सांगताना तिच्याकडे बघवेना. आता ही माझ्याशी बोलेल की नाही, एवढंच डोक्यात.

"कितवा महिना होता?" तिने विचारलं.

"सातवा."

"अगं, टाळू तिसऱ्या महिन्यातच जुळते! माझी राहायची ती तेव्हाच राहिली होती. तू चार महिने लेट आलीस." मग एकदम थांबून म्हणाली, "एक मिनिट. म्हणून तू प्रत्येक ग्रहणाला माझं नेलकटर लपवायचीस?"

"हो."

"आणि मी बाबांवर ओरडायचे!"

ती हसायला लागली. हसताना ती तोंड पूर्ण उघडते. मी इतकी वर्षं आत बघायचं टाळलं होतं. त्या दिवशी बघितलं. गुलाबी, किंचित ओढलेली, भरून आलेली टाळू. मग मलाही हसू आवरेना, आणि डोळेही.

"आता तू आ कर," म्हणत तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि गंभीरपणे आत डोकावली. "आई, तुझी शिवण वाकडी आहे. आजीने ग्रहणात काय शिवलं होतं गं?"

माझ्या आईने जन्मात कधी सुईत दोरा ओवला नाही. हे सांगायचं होतं, पण तोंड उघडंच होतं.