वानखेड्यांचं लिंबूसत्त

"अवो ताई, सोडा तो कुकर! धावत या, पाहा तं खरं काय निघालं!"

गिझर-मशीन दुरुस्त करणारे वानखेडे पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी न्हाणीघरातून अशी हाक आली आणि मी खरोखरच धावले. वाटलं, मशीनमध्ये साप निघाला! बघते तर हा पन्नाशीचा गृहस्थ ओल्या फरशीवर मांडी घालून बसलेला. हातात कपडे धुण्याच्या मशीनचा हीटर आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. हीटरची करंगळीएवढी नळी मक्याच्या कणसाएवढी जाड झाली होती. पांढऱ्या क्षारांचे थरावर थर!

"बोअरचं पाणी हाय ना जी? मशीन नाही बिमार, पाणी बिमार हाय."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "एवढा आनंद लोकांना नातू झाल्यावर होतो."

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, जन्मभर शनिवार पेठेत राहिलेल्या. धायरीला आमच्याकडे आल्या त्या पाय मोडून, अंथरुणाला खिळून. दिवसाला दोन-तीन चादरी बदलाव्या लागायच्या. त्यांना याची इतकी लाज, की चादरी पुढच्या गॅलरीत वाळत घालू द्यायच्या नाहीत. दाराची बेल वाजली की गळ्यापर्यंत पांघरूण. डॉक्टर पाठ तपासायला आले तरी डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. त्यात मशीन बंद पडलं! चार दिवस मी हातानं धूत होते. त्या पाण्यात साबणाला फेस म्हणून येत नव्हता आणि वाळलेली चादर पापडासारखी कडक. आईंची पाठ लाल झाली होती. पाठ फुटली तर पुढचं सगळं कठीण आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आधी येऊन गेलेले दोघे मेकॅनिक 'नवा हीटर टाका' म्हणाले होते. वानखेड्यांनी पिशवीतून लिंबूसत्ताची, म्हणजे सायट्रिक ॲसिडची, पुडी काढली, बादलीतल्या गरम पाण्यात रिकामी केली आणि हीटर आत बुडवला. काय सांगू, असा फसफसला! "पाहा, पाहा, कसं उकळून राहिलं!" ते ओरडले, आणि मीही कुकर विसरून बादलीवर ओणवी झाले. दोन तासांनी नळी चकचकीत. संध्याकाळी मशीन सुरू झालं तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत.

जाताना त्यांनी वाळत घातलेली चादर चिमटीत धरून पाहिली. "ही तं उभी राहते जी! महिन्यातून एकदा मशीन रिकामी, गरम पाण्यावर, लिंबूसत्त टाकून चालवा. अन् चादरी खळबळताना शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर."

"अहो, हे सगळ्यांना सांगत सुटलात तर तुम्हाला बोलावणार कोण?"

"नका ना बोलावू! डॉक्टर अन् मेकॅनिक, न बोलावलेलेच बरे."

आणि खरंच सगळ्यांना सांगत सुटले हो! घराघरातल्या गिझरमधून निघालेल्या खपल्या एका डब्यात ठेवायचे आणि पेढे वाटावेत तसा डबा पुढे करायचे. मंडईजवळून किलोकिलोनं लिंबूसत्त आणून आमच्या इमारतीत पुड्या पोचवल्या. त्यांचं काम कमी होत गेलं आणि गडी खूश!

महिन्याभरात आईंची पाठ पूर्ववत झाली. एकदा चादरीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बरा आहे तुझा गिझरवाला." आमच्या आईंनी कोणाला 'बरा' म्हणणं म्हणजे शाल-श्रीफळच समजा.

दिवाळीनंतर वानखेडे आले ते पिशवीशिवाय. आवाज पार बसलेला. वर्ध्याकडे, गावी, त्यांची आई पडून अंथरुणाला खिळली होती. आठ दिवस तिथं राहून आले होते; पाहायला घरचं दुसरं कोणी नाही, म्हणून आता इथलं सगळं आवरून कायमचे निघाले होते.

"ताई, एक शिकवता का? झोपल्या माणसाखालची चादर कशी काढता? माय वरडते जी. आठ दिवस करून पाहिलं, मले जमूनच नाही राहिलं."

मी सोफ्यावर उशी ठेवून दाखवायला लागले, तोच आतून आवाज आला. "उशीवर काय शिकवतेस? त्यांना इकडे पाठव."

आत गेलो तर आईंनी स्वतःच्या हातानं पांघरूण बाजूला केलं होतं.

"हा गुडघा आधी वाकवायचा. एक हात खांद्याला, एक कमरेला. मग आपल्याकडे वळवायचं. हं, लावा हात. अहो, हळू! मी गिझर नाही."

आईंनी त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा चादरीवर एक सुरकुती राहिली नाही. सबंध वेळ आईंचे डोळे उघडे होते. मला मात्र समोरचं काही दिसेना.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "ताई! बदलली! मायची चादर बदलली! तिले जागसुद्धा नाही आली!"

अगदी तो हीटर निघाला त्या दिवशीचा आवाज! मी फोन घेऊन धावत आईंकडे गेले. त्यांनी तो कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, मग डोळे पुसून माझ्या हातात परत दिला.

"विचार त्यांना," त्या म्हणाल्या, "तिथलं पाणी कसं आहे."