सात घोंगड्या आणि उरलेले तीन

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. कबूल करूनही हसालच म्हणा! पण चहाला अजून उकळी यायचीय, तोवर माझी फजिती ऐकून घ्या.

मी कळंबच्या एका कॉलेजात गणित शिकवतो. गणिताच्या माणसाला एक खोड असते, जगातली कुठलीही गोष्ट कागदावर सोडवता येते असं त्याला वाटतं. कोरोनात माझी ही खोड फार वाढली. कॉलेज बंद, मी गावाकडं, हातात वेळच वेळ. मग काय, साथ कशी पसरते याचं मॉडेल मांडलं. एकापासून तिघांना, तिघांपासून नऊ जणांना. दोन दिवसांत वहीत अख्खं गाव आडवं झालं!

जीव मात्र खरोखर टांगणीला लागला होता तो आबांमुळं. आबा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेली, जुना दमा, आणि पाठीमागं चाळीसेक मेंढरं. लस आली तसं ते एकच वाक्य धरून बसले, "सुई जनावराला असती." आबांना काही झालं तर, असं मनात आलं की मी रात्री उठून त्यांचा श्वास ऐकून यायचो. गावाचीही तीच तऱ्हा. नर्सबाई लशीचा डबा घेऊन दोनदा आल्या आणि भरल्या डब्यानिशी परत गेल्या.

मी म्हटलं, थांबा, आता गणितच दाखवतो.

रेशन दुकानासमोर, अंतर ठेवून उभं राहायला चुन्याचे गोल आखलेले होते. त्यात दहा जण उभे केले. शेजारचे मल्हारीकाका झाले बाहेरगावाहून आलेला रोगी. त्यांच्या हातात गुलाल दिला. गुलाल म्हणजे आजार. ज्याला लागला त्यानं पुढच्याला लावायचा. पाच मिनिटांत दहाच्या दहा लालभडक!

तोंडं धुऊन झाल्यावर भावकीतून सात घोंगड्या गोळा केल्या. घोंगडी म्हणजे लस. ज्याच्या अंगावर घोंगडी, त्यानं गुलाल घ्यायचा नाही आणि पुढं द्यायचाही नाही. सात जणांना पांघरायला लावल्या, मागच्या तिघांना मोकळं ठेवलं. मल्हारीकाका घोंगड्यांच्या पुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, पण त्यांचा हात काही त्या तिघांपर्यंत पोचला नाही.

"बघा," मी छाती फुगवून म्हणालो, "दहातल्या सातांनी लस घेतली की उरलेले तीनही वाचतात."

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? गणित अगदी बरोबर होतं. पण दिवस उन्हाळ्याचे. सात जण घोंगडीखाली घामानं निथळत मान खाजवत होते, आणि तिघं धुतल्या कपड्यांत वारा खात उभे होते. गावानं यातून काय शिकावं?

संध्याकाळीच मल्हारीकाका दारात. म्हणाले, "मास्तर, त्या तीनात माजं नाव घाला."

मी सांगितलं, अशी काही यादी नसते. तर म्हणाले, "आसं कसं? जत्रंत काठीचा पयला मान आमचा. मग तीनातबी पयला आमचाच."

झालं! काठीचा मान निघाला म्हटल्यावर नैवेद्याचे मानकरी आले, नारळाचे मानकरी आले. ज्यांना कसलाच मान नव्हता ते म्हणाले, आजवर आम्हाला डावललं, निदान आता तरी तीनात घ्या. तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो रोज दारूगोळ्यात हात घालतो, पण सुईला भितो. त्यालाही जागा धरून ठेवायची होती.

शिबिराच्या दिवशी नर्सबाई शाळेत टेबल मांडून बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले, खुर्ची रिकामी. गाव सगळं कंपाउंडबाहेर उभं राहून सातांची वाट बघत होतं. मला बोलावून नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या गावात सगळेच उरलेले तीन आहेत. सात कुठं गेले?"

तेवढ्यात गर्दीतून आबा पुढं आले. "मास्तर, तू कशात हायेस? सातात का तीनात?"

इथं एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. घरी मी ठोकून दिलं होतं की कळंबला लस घेतली. घेतली नव्हती. सुई दिसली की लहानपणापासून मी मागच्या दारानं पळतो. एवढ्या मोठ्या आकड्यात एका माणसानं काय फरक पडतो, असं म्हणून मी गुपचूप स्वतःला तीनात बसवून टाकलं होतं. सगळ्यांच्या आधी!

"सातात," मी दडपून सांगितलं.

"मग मोबाइल नंबर सांगा, लस घेतल्याची नोंद लगेच दिसेल," नर्सबाई म्हणाल्या. मी म्हणालो, रेंज नाही. तेवढ्यात माझाच फोन वाजला. तेरखेड्याचा भाऊ होता.

आबा चिडले नाहीत. काठीला टेकून म्हणाले, "मेंढरांना सुई द्यायच्या दिशी एक मेंढरू दरसाली मागं दडतंय. म्या पयलं त्यालाच धरतो. ते गेलं की बाकीची गपगुमान जात्यात. बस खुर्चीवर."

बसलो. बाही वर केली, डोळे मिटले, दंडाला गार लागलं. नंतरचं एकदम आठवतं ते असं, की मी घोंगडीवर आडवा आहे, तोंडावर पाणी आहे आणि वरून अख्खं गाव डोकावतंय.

"टोचली?" मी विचारलं.

"अजून नाही सर," नर्सबाई म्हणाल्या. "आत्ता नुसता कापूस लावलाय."

मग आडवं ठेवूनच टोचली. मी उठून बसलो, पाणी प्यालो, जिवंत होतो. आबांनी मला खालीवर न्याहाळलं आणि सदऱ्याची बाही दुमडत खुर्चीवर बसले. "ह्याला पचली, मग मला काय हुतंय."

खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांच्या मागं मल्हारीकाका उभे राहिले, काठीचा मान म्हणून. त्यांच्या मागं नैवेद्य, मग नारळ. तिन्हीसांजेपर्यंत डबा रिकामा झाला.

दुसऱ्या डोसाच्या वेळी नर्सबाईंनी आधीच फोन केला. मॉडेल वगैरे काही नको, पहिल्या खुर्चीवर फक्त तुम्ही बसा म्हणाल्या. मी ऐटीत गेलो. शाळेत ही गर्दी! पलीकडच्या वस्तीवरचेसुद्धा सकाळपासून जागा धरून बसलेले. वाटलं, चला, शेवटी लोकांना गणित पटलं.

मग खुर्चीकडं लक्ष गेलं. शेजारी आबांनी घोंगडी अंथरून ठेवली होती, उशाला त्यांचं मुंडासंही ठेवलं होतं.

ना घोंगडी वाया गेली, ना लोकांनी धरलेल्या जागा.