दिवेलागणीचा आंधळा

माझ्या मावसभावाने मला जितकी लाज आणली आहे, तितकी या जगात दुसऱ्या कोणी आणलेली नाही. मी दोन मुलगे वाढवले आहेत, त्यांतला एक अजूनही लग्नाच्या पंगतीत मोबाइलवर ओरडून बोलतो, तेव्हा हे मी जबाबदारीने लिहिते आहे. हा भाऊ केनवडचा, माझ्या मावशीचा एकुलता एक. मुंबईत राहतो आणि केसांचे फोटो काढतो. तेल, शाम्पू, मेंदी यांच्या जाहिरातींत ज्या पोरी मान वळवतात आणि मागे केसांचा धबधबा सुटतो, तो धबधबा पुष्कळदा याने सोडलेला असतो. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर तिशीपासून एक केस नाही. उन्हाळा-हिवाळा टोपी घालतो आणि दुसऱ्याच्या डोक्याकडे असा बघतो, की उपाशी माणसाने दुसऱ्याचं ताट बघावं. चेहरा त्याला दिसतच नाही. माणूस म्हणजे त्याच्या लेखी केसांच्या खाली लोंबणारी कसलीशी वस्तू. माझे सासरे गेले तेव्हा दहाव्याला माझा नवरा मुंडण करून बसला होता. त्याच्यासमोर हात जोडून याने अगदी आदराने विचारलं, "आपण कोन्या गावचे, भाऊ?" तेव्हा दोघांची बारा वर्षांची ओळख होती. नवरा अजून तो किस्सा पाहुण्यांना सांगतो, आणि मी चहा करायला आत निघून जाते.

रिसोड-वाशीम एसटीत तर मार खाता खाता वाचला. खिडकीतून ऊन येत होतं, पुढच्या सीटवर एका बाईची जाडजूड वेणी होती, आणि हा अर्धवट उभा राहून, एक डोळा मिटून त्या वेणीत गुंग. बाईने वळून पाहिलं. "काय पायता हो?" हा म्हणाला, "शेंडा. शेंड्यापाशी लाल झाले तुमचे केस. खारं पानी हाय वाटते घरी." सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. "भाऊ आहे माझा, फोटो काढतो," मी म्हणाले. "मंग फोटोतच पाय म्हना त्याले," बाई म्हणाली आणि पदर डोक्यावरून घेऊन बसली. मी वाशीम येईपर्यंत खिडकीबाहेरची तूर पाहत राहिले. हा मात्र उतरताना मला सांगतो, "ताई, पानी खारंच असन, पाय."

माझं मंगरूळपीरला लेडीज पार्लर आहे. नवरीची हेअरस्टाइल, मेंदी, थ्रेडिंग, बास. परदेशाशी माझा संबंध मुलाच्या हट्टापायी काढून ठेवलेल्या पासपोर्टापुरता. मागच्या वर्षी याचा अचानक फोन आला. त्याच्याकडच्या केस धुणाऱ्या बाईच्या हाताला प्लास्टर लागलं होतं, आणि जाहिरात जॉर्जियात, काळ्या समुद्राच्या काठावर व्हायची होती. "चाल ना व ताई. गुडघ्याइतल्या केसाची पोरगी हाय. इथल्या पोरायले इतले केस धुताच येत नाही, निरा गुंता करते." मी मावशीला विचारलं. तिला समुद्राचं नावच आवडलं नाही. "दुसऱ्या रंगाचा नोयता का?" म्हणाली. तरी जा म्हणाली.

विमानतळावर याच्या बॅगेतून सूप निघालं. धान्य पाखडायचं, मावशीच्या घरचं, शेणाने सारवलेलं सूप. तपासणीवाल्याने ते उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला, आणि आपल्या साहेबाला बोलावलं. याचं म्हणणं असं, की विजेचा पंखा केस नुसते फेकतो. सुपाची हवा थांबून थांबून येते, तिच्यावर केस उचलले जातात, उपणताना भुसा उचलला जातो तसे. हे तो त्या साहेबाला मराठीत समजावत होता आणि सूप माझ्या तोंडावर हलवून दाखवत होता. मागच्या रांगेतल्या लोकांनी मोबाइल काढले. पुढे आठवडाभर त्या गोट्यांच्या किनाऱ्यावर मी उकिडवी बसून सूप हलवत होते आणि परदेशी लोक येऊन माझ्याबरोबर फोटो काढून जात होते. गुडघ्याइतक्या केसांची ती पोरगी दिल्लीची. तिला हा वऱ्हाडीत सांगायचा, "अवं, मानेवर गोमाशी बसली समज! झटक!" मी त्याचं हिंदी करायची. गोमाशीला हिंदीत काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. मीच मान झटकून दाखवायची. फोटो मात्र असे निघायचे, की जाहिरात देणाऱ्या कंपनीची बाई, जी कशालाच चांगलं म्हणायची नाही, तीही पुन्हा दाखवा म्हणायची.

खरी लाज पहिल्याच संध्याकाळी सुरू झाली. इतक्या लांब सगळे आले होते ते मावळत्या सूर्यासाठी. समुद्रात सूर्य टेकणार, पोरीच्या मागून उजेड येणार, केसांची कड सोन्याची होणार, आणि तो जाहिरातीचा मुख्य फोटो. सूर्य खाली आला तसा याने कॅमेरा बॅगेत टाकला. "ताई, वेणी घाल तिची." कंपनीची बाई धावत आली. हा तिला हिंदीत म्हणाला, "मॅडम, मुझे शाम को दिखता नहीं." बाईने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मान हलवली. वर म्हणालेही, "खानदानी है."

कारण मला ठाऊक होतं. मुंबईला जाताना मावशीने त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं. "काय फोटो काढाचे ते काढ. पण दिवेलागणीले कोन्या पोरीले मोकळ्या केसानं उभी नोको करू. तिची माय नसते तिथं." आमच्याकडे दिवे लागायच्या वेळी बायका केस मोकळे ठेवत नाहीत. घरात कोणी गेलं, नाहीतर अंगात आलं, तरच. मुंबईत स्टुडिओच्या बंद खोलीत त्याचं निभून गेलं. सहाच्या सुमारास तो सगळ्यांना चहा मागवायचा आणि पोरींना केस बांधायला लावायचा. लोकांना वाटायचं चहाचा शौकीन आहे.

एकदा आंधळा झाल्यावर मग त्याने ते काम मन लावून केलं. सूर्य बुडाला, की मी त्याला कोपराला धरून हॉटेलात न्यायची. जेवताना त्याने दह्याच्या वाडग्यात हात घातला. कंपनीची बाई बिचारी त्याला ताटातले पदार्थ वाचून दाखवू लागली. "ये चावल है, ये बैंगन है." मला जमिनीत जावंसं वाटलं. खोलीच्या दाराशी मी त्याला झापलं. "अरे, केनवडला दिवे लागून कधीच गेले. तिथे आता लोक जेवून आडवे झाले असतील. कसली आलीय दिवेलागण?"

"दिवेलागण जिथं मानूस असते तिथली असते, ताई."

"मग तिला खरं सांग."

"काय सांगू? आईनं नाही म्हटलं म्हणून? पन्नाशीचा मानूस मी. हासतील ना व ते."

शेवटच्या आदल्या दिवशी बाईने सरळ सांगितलं. उद्याचा सूर्यास्ताचा फोटो तिथलाच एक फोटोग्राफर काढेल. मुख्य फोटो त्याचा, म्हणजे नाव त्याचं, आणि या कंपनीचं पुढचं कामही त्याचंच. तिने हे इतक्या हळुवारपणे सांगितलं, की आंधळ्यालाही रडू यावं. हा म्हणाला, "ठीक है, मॅडम." रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला धरून किनाऱ्यावर उभी होते. पोरगी खडकावर बसलेली, सूर्य टेकायला आलेला. तो नवा माणूस भलामोठा पंखा घेऊन आला आणि लावला. केस एकदम पोरीच्या तोंडावर, डोळ्यांत, तोंडात. ती शिंकायला लागली. हा माझा हात पुढे ओढायला लागला. "पाय ना, कसा करून राह्यला! कोंबडीचे पखं उपटल्यासारखा! अरे गुंता होईन ना!" मी म्हटलं, गप रहा, तुला दिसत नाही. तोवर याने माझा हात झटकला. आठवडाभर ज्याला मी पायरी-पायरीला धरून नेलं, तो माणूस त्या गुळगुळीत गोट्यांवरून शेळीसारखा उड्या मारत गेला, पंख्याची वायर काढली, आपला कॅमेरा उघडला आणि ओरडला, "ताई, सूप हान!" मी सूप हाणलं. केस उचलले गेले. ऊन त्यांच्यातून आलं. पाच-सहा फोटो झाले असतील, तेवढ्यात सूर्य गेला.

मग सगळे आमच्याकडे बघत होते. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. याने टोपी काढली आणि गोट्यांकडे बघत म्हणाला, "दिखता है, मॅडम. सब दिखता है. माँ को वचन दिया था." बाई म्हणाली, "पहले दिन बोल देते." हा माझ्याकडे वळून म्हणाला, "पयले तिची वेणी घाल." मी तिथेच खडकावर बसून पोरीची वेणी घातली. पोरगी हळूच विचारत होती, "आंटी, सर रो रहे हैं क्या?" मी म्हटलं, "नहीं. गंजे लोगों को पसीना ज़्यादा आता है."

फोटो गाजला. नाव आमच्या याचंच लागलं, कंपनीचं पुढचं कामही मिळालं. आणि दिवाळीच्या आधी तो फोटो वाशीमला रिसोड रोडवर होर्डिंगवर चढला, वर दिवे लावून. हा दिवाळीला आला तो वाशीमच्या अलीकडेच उतरून रिक्षाने आडवाटेने केनवडला गेला, म्हणजे त्याखालून जायला नको. मावशी मात्र डोळे दाखवायला वाशीमला जाऊन आली होती. त्याला काही बोलली नव्हती. भाऊबीजेला मी गेले तेव्हा ओसरीवर वाती वळता वळता तिने मला विचारलं, "तो फोटो यानंच काढला ना व?"

"कशावरून?"

"केस असे सुपाबिगर उठते का?" मग वात बोटात तशीच धरून म्हणाली, "पन ते पोरगी रोज दिवेलागणीले तशीच बसते व तिथं. मोकळ्या केसानं. कोनी काई म्हनत नाही तिले."

हा दारात उभा होता. त्याने ऐकलं. टोपी हातात घेऊन खाली बघत राहिला, त्या गोट्यांकडे पाहत होता तसाच.

मला भावनेचं फारसं जमत नाही. मी जे झालं तेवढं सांगितलं. "फोटो झाल्याबरोबर मी वेणी घातली, मावशी. तिथेच बसून. यानेच सांगितलं घालायला."

"घट्ट?"

"घट्ट. शेंड्यापर्यंत."

मावशीने वात पणतीत ठेवली, तेल घातलं. अंगण अंधारायला लागलं होतं. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, "उभा काहून हायस? लाव तो दिवा."